बिर्गिताचा निम्मा रस्ता

माणूस किती वर्षं जगला यापेक्षा तो मागे काय ठेवून गेला, यावरच त्याचं मोठेपण ठरतं. हा विचार माझा स्वतःचा आहे असं मला दोन दिवस वाटत होतं. मग खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आलेलं निमंत्रण पुन्हा उघडलं, तर तो तिथेच छापलेला होता, राखाडी अक्षरांत, खाली महापौरबाईंची सही. निमंत्रण एका सायकलरस्त्याच्या नामकरणाचं आहे. वेळ दुपारी तीन. नंतर कॉफी.

मार्च आला की बेस्ट या आमच्या डच गावाच्या आसपासच्या शेतांवर पातळ शेणखत सोडतात आणि गावभर त्याचा वास पसरतो. शेजारच्या आइंडहोवनला यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांत काम करणारे आमचे इंजिनियर खिडक्या बंद करतात आणि पुण्याला फोन करून सांगतात की इथली हवा फार स्वच्छ आहे. दर चार वर्षांनी या वासात गावची निवडणूक येते. सुपरमार्केटसमोर मोठा लाकडी फळा उभा राहतो, त्यावर उमेदवार हसतात, आणि गारा पडून गेल्या की त्यांच्या दातांवरून पाणी ओघळतं. यंदा फळा पुन्हा उभा आहे. पाडवाही त्याच आठवड्यात आलाय, जसा दोन निवडणुकांपूर्वी आला होता. शेणाचा वास, गारा, कडुनिंब मिळत नाही म्हणून गुढीला बांधलेला कुंडीतला कढीपत्ता आणि फळ्यावरचे ओले दात, एवढं जमून आलं की मला बिर्गिता आठवते.

बिर्गिता माझी शेजारीण. स्वीडनची. तेव्हा पासष्ट ओलांडलेली, आणि मागून पाहिलं तर शिडी वाटावी इतकी उंच. स्वीडनमध्ये ती राजकारणी होती आणि स्त्रीवादी होती. इथे येऊन ती फक्त बायको झाली होती, यान नावाच्या एका निवृत्त डच इंजिनियरची, आणि हा बदल तिला मानवला नव्हता. युरोपातल्या कुणालाही इथल्या गावच्या निवडणुकीत उभं राहता येतं. आपल्याला त्यासाठी पाच वर्षं इथे काढावी लागतात, मग आपल्यालाही मत मिळतं. आपली माणसं ही पाच वर्षं पासपोर्टसाठी मोजतात. मतही मिळालंय हे त्यांना घरी पाकीट आल्यावर कळतं.

तिची कारकीर्द मी तिच्या स्वयंपाकघरात तुकड्यातुकड्यांनी ऐकली, बहुतेक वेळा ती दालचिनीचे बन करपवत असताना. तिशी गाठायच्या आत ती तिच्या गावाच्या पालिकेत निवडून आली. तिचं नाव झालं ते बर्फामुळे. नांगर लावलेली गाडी पहाटे आधी मोठे रस्ते साफ करी आणि मग उरलेल्या वेळात फुटपाथ. बिर्गिताने सभेत विचारलं, मोटारीने कोण जातं आणि पोराला ओढत पाळणाघरापर्यंत चालत कोण जातं? बरीच वर्षं भांडून तिने तो क्रम उलटा करून घेतला. आधी पाळणाघरांसमोरचे फुटपाथ, मग सायकलरस्ते, मोटारी शेवटी. घसरून हातपाय मोडून घेणाऱ्या बायका कमी झाल्या. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण न पडलेल्या बाईचा फोटो काढता येत नाही. पुढच्या हिवाळ्यात अतोनात बर्फ पडला, बसगाड्या अडकल्या, आणि फोटो छापला गेला तो बिर्गिताचा. टोपी घातलेली, तोंड उघडं, काहीतरी समजावून सांगत असलेली. तिच्या आयुष्यातला सर्वांत जास्त माणसांनी पाहिलेला फोटो तोच.

तरी ती पुढे संसदेत गेली. एक मुदत. तोवर तिचा पक्ष फुटला, पुरुषांना पक्षाचं उपाध्यक्ष होऊ द्यायचं की नाही या प्रश्नावर. पक्षात एकूण जेवढे पुरुष होते ते एका मोटारीत मावले असते. नंतरच्या निवडणुकीला, जिला तिने भाषण करायला शिकवलं होतं त्या मुलीने तिला यादीत पार खाली ढकललं, आणि ढकलताना, बिर्गिताने शिकवलं होतं तसं थांबत थांबत, तिचे जाहीर आभार मानले.

"भाषण चांगलं झालं का?" मी विचारलं.

"उत्तम," बिर्गिता म्हणाली. "मी टाळ्या वाजवल्या."

बेस्टमध्ये बर्फ जवळजवळ पडत नाही, ही इथली तिची पहिली अडचण. एखाद्या नामांकित शल्यविशारदाने निरोगी गावात येऊन राहावं तशी ती पहिली काही वर्षं हिंडत होती. मग तिला तो रस्ता सापडला.

स्टेशनच्या मागून आमच्या वस्तीकडे एक सायकलरस्ता येतो. दोन्ही बाजूंना जुने ओक, वाटेत घर नाही आणि दिवाही नाही. दिवा नाही याला कारण आहे. त्या झाडांच्या ढोल्यांत वटवाघळं राहतात आणि उजेडाने त्यांना त्रास होतो. हिवाळ्यात पाच वाजता अंधार पडतो, आणि आइंडहोवनहून कामावरून परतणाऱ्या बायका स्टेशनवर उतरून झाडांच्या त्या बोगद्यात सायकल घालतात. वटवाघळांचा त्रास मोजलेला होता. बायकांचा कुणी मोजला नव्हता. वटवाघळं मोजणाऱ्यांत खुद्द यान होता. दर उन्हाळ्यात हातात यंत्र घेऊन तो त्यांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज टिपत हिंडायचा.

"माझा विरोधी पक्ष माझ्याच बिछान्यात झोपतो," बिर्गिता सांगायची.

"वटवाघळांना मत नसतं," यान ब्रेडला लोणी लावत म्हणायचा. "त्यांची बाजू कुणीतरी घ्यायला हवी."

"बायकांना असतं," ती म्हणायची. यावर यान पुढचा ब्रेड घ्यायचा.

तिचं म्हणणं फार नव्हतं. तांबडे मंद दिवे लावा, सायकल जवळ आली की लागणारे, गेली की विझणारे. तांबड्या उजेडाचं वटवाघळांना काही वाटत नाही, हे यानही मान्य करत असे, पण कुरकुरत. पालिकेने सांगितलं, अभ्यास चालू आहे. तेव्हा बिर्गिताने निवडणुकीसाठी उमेदवारांची स्वतःची यादी उभी केली. नाव ठेवलं 'निम्मा रस्ता', कारण निम्मा रस्ता बायकांचा. एक सभासद निवडून आला तरी पुरे, असं तिचं गणित होतं.

"दर सभेत मी तोच रस्ता काढीन," ती म्हणाली. "शेवटी कंटाळून लावतील दिवे. लोकशाहीत बाकी सगळी भाषणं असतात, वसुधा. कामं कंटाळ्याने होतात."

"आणि नाही आलीस तर?"

"तर लोकर विणायला घेईन." ती हे ज्या सुरात म्हणाली त्यावरून विणकामाबद्दल तिचं मत काय होतं ते मला कळलं.

आमच्या मराठी मंडळाची कर्तीसवरती मेधा. ती इथे आली नवऱ्याच्या व्हिसावर, हातात एमकॉम आणि चकलीचा सोऱ्या घेऊन. मग डच शिकली, आइंडहोवनला एका पाळणाघरात नोकरीला लागली, आणि रोज संध्याकाळी त्याच अंधारातून घरी येऊ लागली. बिर्गिताला हळदीकुंकवाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायची कल्पना मेधाचीच. कल्पना ऐकून मी हसले नाही, याचं श्रेय मला कुणी दिलेलं नाही.

चैत्रगौर बसते तृतीयेला. पण इथे पंचांगापेक्षा हॉलचं बुकिंग मोठं, म्हणून पाडव्याच्या रविवारीच दुपारी बसवली. गुढी हॉलच्या आतच उभी केली होती. बाहेरच्या वाऱ्याने तांब्या पार आइंडहोवनला गेला असता. सुरिनामी दुकानातून आणलेल्या कैऱ्यांची डाळ होती, पन्हं होतं, आणि पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आया आणि सासवा हीटरजवळच्या खुर्च्या धरून बसल्या होत्या. बिर्गिता खाली वाकली आणि मेधाने टाचा उंच करून तिला कुंकू लावलं.

"याचा अर्थ काय?" बिर्गिताने विचारलं.

"गुड लक," मेधा म्हणाली.

"कुणाचं?"

मेधाने माझ्याकडे पाहिलं.

"नवऱ्याचं," मी म्हणाले. "त्याला खूप आयुष्य मिळावं म्हणून."

"आणि त्याचा उपयोग होतो?"

"माझ्या बाबतीत झाला नाही."

मेधा घाईघाईने म्हणाली, "ताई, थांबा, तुम्हालाही लावते हं. आपण काही असलं मानत नाही." आणि लावलं, हीटरजवळच्या म्हाताऱ्या डाळ वाढून घेण्यात गुंतल्यात ना, ते एकदा बघून.

बिर्गिता इंग्रजीत बोलली, आणि बरं बोलली. तिने बर्फाची गोष्ट सांगितली. मग विचारलं, त्या रस्त्याने अंधारात कोण कोण जातं? सगळ्यांचे हात वर. जाताना फोनवर कोण बोलतं? पुन्हा सगळ्यांचे.

"कुणाशी?"

"मिस्टरांशी."

"आईशी. तिची झोपमोड होते, पण उचलते बिचारी."

"कुणाशीच नाही," मागून एक जण मराठीत म्हणाली. "माझा फोन तोवर संपलेला असतो. मी आपली नुसती हो हो करत येते."

"अय्या, तू पण? मी तर मोठमोठ्याने भाजीला काय आणायचं विचारते."

"मी भांडते. भांडणाऱ्या बाईच्या वाटेला कोणी जात नाही."

"मग घरी आल्यावर काय करतेस?"

"घरी आल्यावर खरं भांडते."

हॉल हसून लोटपोट झाला. मी बिर्गिताला हे भाषांतर करून सांगितलं. ती हसली नाही. तिने माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाली, "बुधवारी मला मत द्या. मग पालिकेत तुम्हाला खऱ्या माणसाशी बोलता येईल." आणि मग टाळ्या झाल्या. मी त्या हॉलमध्ये बऱ्याच टाळ्या ऐकल्यात, तशा क्वचित. मंडळाने तिला शाल घातली, नारळ दिला, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. फोटोसाठी रांग लागली.

"मॅडम, आमची मतं तुम्हालाच."

"मॅडम नको. बिर्गिता."

"हो मॅडम."

सायकलवरून परतताना ती एका हाताने हरभरे खात होती. कपाळावर कुंकू तसंच. वाटेत दोन डच घरांची बेलही तिने त्या कुंकवासकट वाजवली.

"जागा आली," ती म्हणाली.

मी म्हणाले, "आमच्याकडे प्रमुख पाहुण्याला शाल देतात, नारळ देतात, टाळ्या देतात. त्यात मत धरलेलं नसतं."

"तू फार कडू बाई आहेस."

"पाडवा आहे आज," मी म्हणाले. "आज कडूच खातात."

सोमवारी संध्याकाळी शेवटची पत्रकं टाकून ती त्याच रस्त्याने परतत होती. वाऱ्याने पडलेली फांदी आडवी होती. ती दिसणं शक्य नव्हतं. खुबा मोडला. तिने फोन काढला तर तो संपलेला. हाका मारून झाल्या. मग, हे तिने मला नंतर सांगितलं, कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला आणि थांबला. तिने तो मेलेला फोन कानाला लावला आणि स्वीडिशमध्ये मोठ्याने भांडायला सुरुवात केली. हॉलमधल्या बायकांनी तसंच सांगितलं होतं. तो कुत्रा फिरवायला आलेला माणूस होता. ही बाई फोनवर बोलते आहे म्हणजे मदत मागवून झालीच असेल, असं समजून तो सभ्यपणे पुढे गेला. परतीच्या वेळी कुत्रा थांबला, म्हणून ती सापडली.

बुधवारी मी मतदान केंद्रावर टेबलाशी होते. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, स्टेशनच्या बाजूला, खेळाचा हॉल आहे, तिथे आमच्या वस्तीचं केंद्र. गेली काही वर्षं मला बोलावतात, डच येतं म्हणून आणि चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून. इथे मतदाराला घरी एक पत्र येतं, त्याला स्टेमपास म्हणतात. ते दाखवलं की टॉवेलएवढी मतपत्रिका मिळते आणि तांबड्या पेन्सिलीने एक गोल रंगवायचा असतो. शिवाय एक सोय आहे. स्वतःला येता येत नसेल तर पत्राच्या मागे सही करायची, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची आणि दुसऱ्याच्या हाती द्यायचं. तो त्याच्या मताबरोबर तुमचंही टाकतो. अशी दोन मतं एकाला आणता येतात. आजारी, अपंग, बोटीवर नोकरी करणारे, अशांसाठी ही सोय केलेली आहे.

दार उघडलं आणि थोड्याच वेळात मेधाचा नवरा शिरीष आला. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात तीन पत्रं. एक त्याचं, एक मेधाचं, एक समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीचं, जिचा नवरा त्या आठवड्यात तैवानला होता.

"अरे, ताई, तुम्ही इथे?"

टेबलाशी बसलेल्या माणसाने प्रश्न विचारायचे नसतात. पण गप्पा मारायला बंदी नाही. "मेधा बरी आहे ना?" मी म्हणाले.

"मस्त आहे. बुधवारी शाळा लवकर सुटते, मग आर्याचं स्विमिंग. आणि संध्याकाळी कुठे त्या अंधारातून यायला लावायचं तिला? म्हटलं, मी जातोच आहे तर टाकून येतो."

त्याच्यामागे कुलकर्णी होता. तीन पत्रं. त्याच्यामागे देशपांडे. तो दोनच घेऊन आला होता, तर शिरीष त्याला म्हणाला, "अजून एक चाललं असतं की रे."

आमच्या घरांत सरकारी पाकीट आलं की ते न फोडता नवऱ्याच्या टेबलावर जातं. टॅक्स, विमा, व्हिसा, कचऱ्याचं वेळापत्रक, सगळं तो बघतो. कारण सुरुवातीला सगळं त्याच्याच नावावर होतं. आता नाही. बायका नोकऱ्या करतात, मोटारी चालवतात, त्याच्यापेक्षा बरं डच बोलतात, आणि तरीही पाकीट टेबलावर ठेवतात. पत्राच्या मागच्या सह्या मी तपासत होते. काही डाळीच्या हाताने केलेल्या होत्या, हळदीचे ठसे होते. सगळ्या खऱ्या होत्या. कुणी कुणावर जबरदस्ती केली नव्हती. जबरदस्ती असती तर मला हात वर करून अध्यक्षांना बोलावता आलं असतं. प्रेमाने आणि सोयीने झालेल्या गोष्टीला नियमात कलम नाही.

आणि दिवसभरात कुणाचं मत कुणाला गेलं ते मला माहीत नाही. पत्रं कुणाच्या हातात होती तेवढं मी पाहिलं.

दुपारी गारा झाल्या. त्यानंतर यान आला, रेनकोट निथळत, दोन पत्रं घेऊन. दुसऱ्यावरची सही तिरकी होती, दवाखान्यातल्या बिछान्यावर आडवं पडून केलेली. स्वीडनमध्ये बायकांना मतदानाला जाता यावं म्हणून त्यांची मुलं सांभाळणारा गट काढून देणारी, नवऱ्याच्या खिशातून मत काढा असं चौकात उभं राहून सांगणारी बाई, तिचं स्वतःचं मत नवऱ्याच्या खिशातून आलं, थोडं भिजलेलं. मी शिक्का मारला. यान पडद्यामागे बराच वेळ होता.

संध्याकाळी केंद्र उघडंच होतं. दारातून रस्त्याचं तोंड दिसत होतं, पुढे काळोख. दिवे हवे असलेल्या बायका आल्या नाहीत, कारण दिवे नव्हते.

हॉलमध्ये जेवढ्या बायकांनी डाळ परत मागून घेतली होती त्याहून कमी मतांनी बिर्गिताची जागा गेली. दुसऱ्या दिवशी मी मेधाकडे डबा परत करायला गेले तेव्हा शिरीष वरण वाढून घेत होता.

"तू कुणाला टाकलंस?" मेधा त्याला विचारत होती. हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडलेला दिसत होता.

"माझं की तुझं?"

"माझं."

"अगं, घरातली मतं फोडून काय मिळणार? आणि त्या बाईंची फार फार तर एक सीट आली असती. एका सीटने काय होतं? मी आपलं विचार करून घराचा टॅक्स कमी करू म्हणणाऱ्यांना टाकलं. तिन्ही."

"मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस, पण विचार नव्हता केलास." हे तो रागाने म्हणाला नाही. लिंबू पिळत म्हणाला. "मेधा, त्या रस्त्याने मी तुला घ्यायला येत जाईन रोज, झालं?"

तो दोन दिवस आला. नंतर त्याच्या मीटिंगा वाढल्या.

आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. मेधाने शिरा नेला होता. बिर्गिता छताकडे बघत होती. केस न विंचरलेले, कपाळ स्वच्छ पुसलेलं.

"तुम्ही सगळ्या आला होतात ना?" तिने मेधाला विचारलं.

"हो मॅडम," मेधा म्हणाली.

मी टेबलाशी बसणारी, मला बोलायची परवानगी नाही. मी शिऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

"रविवारी माझ्या लक्षात यायला हवं होतं," बिर्गिता म्हणाली. "सगळ्या म्हणाल्या मत तुम्हालाच. एकीनेही विचारलं नाही की मतदान कुठे आहे. चाळीस वर्षं मी हेच ऐकायला शिकले होते. ज्याला यायचं असतं तो पत्ता विचारतो." मग ती मेधाकडे वळली आणि अगदी सौम्यपणे म्हणाली, "शिरा छान झालाय."

मेधा डबा तिथेच विसरली. मागायला पुन्हा गेली नाही.

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी यान उभा होता. मी काही विचारलं नव्हतं. डच माणसाला न विचारताही उत्तर देता येतं.

"तिचं मत मी तिलाच दिलं," तो म्हणाला. "माझं वटवाघळांना."

"तिला माहीत आहे?"

"तिने विचारलं नाही. ती राजकारणी आहे." त्याने कॉफी माझ्यापुढे केली. "कडक आहे."

नंतर बिर्गिताने खरंच लोकर घेतली. तिचे मफलर वाईट असत, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद, जणू विणता विणता उत्साह गेला. मला दोन मिळाले. काठी घेऊन ती फाटकापर्यंत चालायची. त्या रस्त्यावर पुन्हा गेली नाही. कधीकधी संध्याकाळी आम्ही तिच्या खिडकीत बसायचो, आणि कामावरून येणाऱ्या बायका रस्त्यातून बाहेर पडताना दिसायच्या, कानाला फोन. कोणता फोन चालू आहे आणि कोणता मेलेला, ते ती ओळखायची. "ही खोटं बोलते आहे," ती म्हणायची. "खऱ्या फोनवर माणूस मधेमधे ऐकतो." आमच्या बायका तिला हात करत. तीही करायची. रागावण्याइतकं महत्त्व ती त्यांना देत होती का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कदाचित हे न रागावणं हीच तिने त्यांच्यासाठी काढून ठेवलेली शिक्षा असेल, पण ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही. त्यांना वाटायचं, मॅडम किती प्रेमळ आहेत.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. स्वीडनच्या वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, यानने दाखवली. फोटो तोच, बर्फातला, तोंड उघडं.

आणि आता पालिकेच्या कुणाच्या तरी लक्षात आलं की गावातले बहुतेक रस्ते पुरुषांच्या नावाचे आहेत. समिती नेमली. समितीला अशी बाई हवी होती जी कर्तबगार असेल, गेलेली असेल आणि जिच्याबद्दल आता कुणाची तक्रार नसेल. बिर्गिता तिन्हींत बसली. रस्ताही तोच निवडला, भावनेने म्हणा किंवा हिशेबाने. त्या रस्त्यावर एकही घर नाही, त्यामुळे नाव बदललं तरी कुणाचा पत्ता बदलत नाही. ज्या सभेत तिला कधी बसता आलं नाही, ती सभा तिच्या सन्मानार्थ एकमताने उभी राहिली म्हणे. निमंत्रणात तिचा उल्लेख 'आपली बिर्गिता' असा आहे. दिव्यांचा अभ्यास चालू आहे.

काल मेधाचा फोन आला. समारंभात मराठी मंडळाच्या वतीने दोन शब्द बोलायचा मान तिला मिळालाय, आणि ती हरखून गेली आहे. इतक्या वर्षांत तिचं डच फार सुरेख झालंय.

"ताई, मला वाटतं शाल घालावी. पण कुणाला? मॅडम तर नाहीत."

"पाटीला घाला."

"तुमचं आपलं काहीतरीच. यानला घालू का?"

"यानला घाला. त्याला थंडी वाजते."

"आणि निवडणुकीला टेबलावर तुम्हीच असाल ना? शिरीषला सकाळीच पाठवते मग. म्हणजे ओळखीचं कुणी असलं की बरं असतं."

"पाठवा," मी म्हणाले.

"आर्याही यंदा मतदार झाली, ताई. काय दिवस जातात बघा. तिचंही पत्र आलंय."

"कुठे आहे?"

"काय?"

"पत्र."

"हे काय, शिरीषच्या टेबलावर." मग ती म्हणाली, "मी पालिकेत फोन करून विचारलं होतं, कार्यक्रम संध्याकाळी साडेसातला ठेवता येईल का. दुपारी तीनला सगळ्या ऑफिसात असतात हो. कोण येणार?"

"मग?"

"ती बाई चांगली होती बोलायला. म्हणाली, कल्पना छान आहे, पण त्या वेळी तिथे पाटी दिसत नाही."